लायसन्स जुनं, शिकवणी नवी : साखळीतल्या मास्तरांकडचे बारा धडे

आईच्या कपाळाला दोन टाके पडले त्या रात्री मी ठरवलं की गाडी पुन्हा पहिल्यापासून शिकायची.

लायसन्स माझ्याकडे सव्वीस वर्षांपासून आहे. पण लग्नानंतर गाडी कायम नवऱ्याच्याच हातात राहिली. तीन वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी आखातात गेला आणि मी २०२१ची एक वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली. घर गोव्यात साखळी गावाला, शाळा वाळपईच्या बाजूला. रोज जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर, शिवाय आईला महिन्यातून दोनदा बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं. वर्षभर कुठे खरचटलंही नाही, म्हणून मला वाटायचं की आपल्याला गाडी येते.

गेल्या जूनमध्ये, पावसाचा दुसरा-तिसरा दिवस होता. होंडा गाव सोडून साखळीकडे येत होते, वेग पन्नासच्या आसपास. वळण घेतलं तर समोर रस्त्याच्या मधोमध गाय बसलेली. ब्रेक दाबला तशी पायाखाली पॅडल थरथरलं, कडकड आवाज आला. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला. गाडी तांबड्या चिखलावरून घसरत डावीकडच्या चिऱ्यांच्या कंपाउंडवर जाऊन आदळली. गाय वाचली. मला पट्टा होता, मलाही काही झालं नाही. मागच्या सीटवरच्या आईला पट्टा नव्हता. मी तिला लावायला सांगितलाच नव्हता.

गॅरेजमधला मुलगा म्हणाला, "बाई, काही तुटलं नव्हतं. ते एबीएस होतं, चाकं अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा. ते तसंच थरथरतं. पाय उचलायचा नसतो." पंचविशीचा पोरगा, पण माझ्या सव्वीस वर्षांच्या लायसन्समध्ये नसलेली गोष्ट त्याला ठाऊक होती. घरी आल्यावर गाडीचं मॅन्युअल उघडलं. त्यात ते स्पष्ट छापलेलं होतं.

त्यानंतर शोधाशोध केली. बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना लर्निंग लायसन्सवाली मुलंच हवी असतात. लायसन्स आहे म्हटल्यावर "मग आणखी काय शिकायचं?" हा प्रश्न दोन ठिकाणी आला. तिसऱ्या ठिकाणी एका मास्तरांनी उलट विचारलं, "गाडी कोणती? रोजचा रस्ता कोणता? सोबत कोण असतं?" तिथेच मी पैसे भरले. बारा सकाळी, रोज साधारण तास-सव्वा तास, सहा हजार रुपये. पहिला धडा आपल्या गाडीत, पुढचे तीन त्यांच्या दुहेरी पॅडलच्या गाडीत आणि उरलेले पुन्हा आपल्या गाडीत. त्यांच्या परवानगीशिवाय नाव लिहीत नाही. साखळी-डिचोली भागात चौकशी केलीत तर सापडतील.

मास्तर आधी खनिजाचा ट्रक चालवायचे, आणि तोही स्वतःचा. खाणीवरून मांडवीच्या काठच्या जेटीपर्यंत माती वाहायची. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला आणि शेवटी विकावा लागला. हे सांगण्याचं कारण आहे. ज्याने डिझेल, टायर आणि ब्रेकच्या लायनरचा प्रत्येक रुपया स्वतःच्या खिशातून भरला, तो काटकसर पुस्तकातून शिकवत नाही. त्यांच्या डोक्यात सुरक्षित गाडी हाकणं आणि स्वस्तात गाडी हाकणं ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच. बारा दिवसांत मला हेच समजलं, आणि मला वाटतं तेवढ्यासाठीसुद्धा सहा हजार कमी आहेत.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच केली नाही. तासभर मी दारात उभ्या गाडीत बसून होते. बऱ्याच बायका बसतात तशी मी स्टिअरिंगला अगदी चिकटून बसायचे, बॉनेट दिसावं म्हणून. मास्तरांनी सीट वर उचलली, मग मागे सरकवली. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. छातीपासून स्टिअरिंगच्या मधल्या भागापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि तिला फुगायला जागा लागते. हेडरेस्ट मानेवर नाही, डोक्याच्या मागे. माझं खाली दाबलेलं होतं, म्हणजे मागून कुणी ठोकलं असतं तर मान त्याच्यावरून मागे मुडपली असती.

आरसे त्यांनी इतके बाहेर वळवले की मला आधी वाटलं चुकलं काहीतरी. आपल्या गाडीची बाजू आरशात दिसून काय उपयोग, ती कुठे पळून जात नाही; दिसायला हवी ती बाजूने येणारी स्कूटर, असं त्यांचं म्हणणं. गोव्यात हे खरंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे घराघरात स्कूटर, वर मोटरसायकल पायलट म्हणजे दुचाकीवरून भाडं नेणारे, आणि भाड्याची दुचाकी घेऊन फिरणारे पर्यटक. दार उघडतानासुद्धा उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. मी हे आता शाळेतल्या मुलांनाही शिकवलंय. ती मागच्या सीटवरून वडलांना आठवण करून देतात, असं दोन पालकांनी सांगितलं.

मग आला वाचनाचा धडा.

दुसऱ्या दिवसापासून चौथ्यापर्यंत मास्तर शेजारी बसून एकच प्रश्न विचारत राहिले, "कितें दिसता?" मी जे दिसतं ते मोठ्याने बोलायचं. सुरुवातीला मी म्हणायचे, "समोर स्कूटर आहे. खड्डा आहे." ते म्हणायचे, "ते जवळचं. त्याच्या फुडें पळयात, बाई." म्हणजे त्याच्या पुढे बघा. त्याच्या पुढे बस उभी होती. बसच्या पुढे उतरलेली दोन मुलं होती. मुलांच्या पलीकडे तिठा, तिठ्यावर डावीकडून येणारा टेम्पो. हे सगळं दिसत होतं. मी बघत नव्हते.

मी पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवते. नव्याने वाचणारं मूल बोट अक्षराखाली ठेवून क-म-ळ असं फोडून वाचतं. पुढच्या शब्दाला काना आहे की वेलांटी, हे त्याला तिथे पोचल्यावर कळतं, म्हणून ते प्रत्येक शब्दापाशी अडखळतं. चांगलं वाचणाऱ्या मुलाचे डोळे तोंडाच्या काही शब्द पुढे असतात. विरामचिन्ह येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं आणि आवाज हळूहळू खाली येतो. मी आजवर रस्त्याखाली बोट ठेवून गाडी चालवत होते. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तसंच. आता ओळ वाचा."

ओळ वाचायला लागल्यावर जे झालं त्याने मी चकित झाले. माझा पाय ब्रेकवर जाणंच कमी झालं. बस लांबून उभी दिसली की अॅक्सिलरेटरवरचा पाय आधीच उचलला जातो. तिथे पोचेपर्यंत गाडी आपसूक पंचवीस-तीसवर आलेली असते आणि बस निघूनही गेलेली असते. पूर्वी मी पन्नासने जाऊन तिच्या मागे ब्रेक मारायचे आणि पहिल्या गिअरमधून पुन्हा उचल घ्यायचे. मास्तरांचा हिशोब असा की गाडीला वेग द्यायला पेट्रोल लागतं आणि ब्रेक त्या वेगाची उष्णता करून हवेत सोडून देतो. ब्रेक दाबायचा तेव्हा दाबायचाच, जीव महत्त्वाचा. पण जो ब्रेक तुम्ही उशिरा बघितल्यामुळे मारावा लागला, त्याचं पेट्रोल तुम्ही पंपावर भरलेलं आहे. आणि तो जिथे जिथे उशिरा मारावा लागला, तिथे धोकाही तेवढाच जवळ आलेला होता.

एक दिवस त्यांनी हे सिद्ध करून दाखवलं. साखळीहून आमोणे पुलावरून, खांडोळा, माशेल करत बाणस्तारी पुलापर्यंत दोनदा नेलं. पहिल्यांदा "तुमच्या मनासारखी चालवा". दुसऱ्यांदा पन्नासच्या वर जायचं नाही, लांब बघायचं आणि ओव्हरटेक करायचा नाही. पहिल्यांदा ३१ मिनिटं लागली, दुसऱ्यांदा ३४. डॅशबोर्डवरचं अॅव्हरेज पहिल्यांदा १३.९, दुसऱ्यांदा १७.८. तीन मिनिटं! त्या तीन मिनिटांसाठी मी किती वेळा वळणावर कुणाच्या तरी पुढे घुसले होते, ते दुसऱ्या खेपेला मोजता आलं. सात वेळा.

अंतर किती ठेवायचं याची त्यांची पद्धत मला फार आवडली. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात म्हणायचं, "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल." तिसऱ्या विठ्ठलाच्या आधी आपण खांबापाशी पोचलो तर अंतर कमी आहे. पावसात दुप्पट. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, म्हणजे आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या. मला गाय दिसून पाय ब्रेकपर्यंत पोचायला एक सेकंद लागला असेल तर तेवढ्यात एक वर्ग संपून दुसरा सुरू झालेला. शिवाय चाळीसवरून साठवर गेलं की गाडीतली ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शाळेच्या पुस्तकातलं गणित, आणि मी ते कधी स्वतःच्या गाडीला लावून बघितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी एबीएस. एका मोकळ्या पठारावर, पाऊस पडून गेल्यावर, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून त्यांनी मला चाळीसच्या वेगात ब्रेक पूर्ण दाबायला लावला. तेच थरथरणं, तोच कडकडाट. पहिल्या वेळी मी पुन्हा पाय उचलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आईचा आवाज कानात होता. मास्तर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "परत." पाचव्या खेपेला पाय दाबलेलाच राहिला आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवून मी समोर ठेवलेल्या रिकाम्या डब्याला वळसा घातला. एबीएस चाकं पूर्ण अडकू देत नाही, सेकंदात अनेकदा ब्रेक सोडतं आणि धरतं. म्हणून गाडी ब्रेक लागलेला असतानाही वळते. त्या दिवशी होंड्याजवळ मी पाय तसाच ठेवून गाडी वळवली असती, तर कदाचित कंपाउंडपर्यंत गेलेच नसते. २०१९च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये एबीएस असायलाच हवं. म्हणजे आज हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या पायाखाली ते आहे, आणि त्यांनी ते कधी अनुभवलेलं नाही. कृपा करून एकदा जाणत्या माणसाला शेजारी बसवून, मोकळ्या जागी अनुभवा. निव्वळ हा एक धडा घेतलात तरी चालेल.

त्याच दिवशी त्यांनी तांबड्या चिखलाचं सांगितलं. आपल्याकडे चिऱ्याचे, मातीचे ट्रक रस्त्यावर माती सांडत जातात. उन्हाळाभर तिच्यावर तेलाचे थेंब, धूळ, रबर साचतं. पहिल्या पावसात हे सगळं साबणासारखं वर येतं. जूनचे पहिले आठ-दहा दिवस म्हणूनच मुसळधार जुलैपेक्षाही घसरडे. आणि रस्त्यावर बसणारी गुरं रात्री पावसात हमखास मिळतात, कारण रान ओलं आणि डांबर त्यातल्या त्यात कोरडं, उबदार. जोरदार पाऊस आला की चारी इंडिकेटर लावून गाडी चालवायची सवय सगळ्यांना लागली आहे. मलाही होती. ते चुकीचं. ते दिवे थांबलेल्या गाडीचे. चालत्या गाडीने ते लावले तर मागच्याला आपण वळतोय की उभे आहोत ते कळत नाही. हेडलाइट लावायचे, खालच्या बीमवर. काचेवर आतून वाफ धरली की एसी लावायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची; हाताने पुसत बसायचं नाही.

टायरचं थोडक्यात सांगते, कारण हे कोणीही घरी करू शकतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा असतो. माझ्या गाडीवर ३३ आहे. चाकांत निघाली २४, २६, २७ आणि २४. पंपावरचा मुलगा विचारतो "किती?" आणि आपण म्हणतो "घाल तेवढी". हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. पंधरा दिवसांतून एकदा, स्टेपनीसकट. कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त चिकटून घरंगळतो, पेट्रोल खातो, कडांना झिजतो आणि आतून तापतो. टायरच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर बदलायचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी बाहेर टाकायला खोबण उरली नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. मास्तर तर म्हणतात, पावसाळ्याच्या तोंडावर त्याहून बऱ्याच आधी बदला.

आठवा धडा फेरीचा. मायेहून चोडणला जाऊन रायबंदरच्या फेरीबोटीवर गाडी चढवायची. मी ही वाट नेहमी टाळायची, कारण ओहोटीच्या वेळी रॅम्प एकदम उभा होतो आणि खाली शेवाळ असतं. मास्तरांनी हँडब्रेक ओढून ठेवायला लावला. क्लच हळूहळू सोडत न्यायचा, गाडीचं नाक किंचित उचललं की तिथे थांबायचं, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी एक इंचही मागे येत नाही. "सवकास, बाई, सवकास" हे वाक्य त्या दिवशी दहा वेळा ऐकलं. बोटीवर इंजिन बंद, गिअर पहिला, हँडब्रेक ओढलेला, पट्टे काढलेले आणि काचा उघड्या. पाण्यावर असताना आपण गाडीत अडकलेले असायचं नाही. फेरीच्या रांगेतही इंजिन बंद करायचं. शाळेच्या गेटवर एसी लावून वीस वीस मिनिटं उभ्या असलेल्या गाड्या मी रोज बघते. त्या गाड्यांचं अॅव्हरेज तेवढा वेळ शून्य असतं.

आता चोर्ला घाट. हा दहावा धडा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

पर्ये, केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने वर गेलो. चढताना काही विशेष नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, एवढं त्यांनी सांगितलं. सुर्ल्याच्या फाट्याच्या अलीकडे गाडी वळवली आणि उतार सुरू होताच मी सवयीने गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचतं, हे मी वडलांकडून ऐकलेलं. मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला, "गिअरात घाला."

पुढे जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि त्यांनी सांगितलं. तरुणपणी भरलेला ट्रक घेऊन असेच न्यूट्रलमध्ये उतरत असताना त्यांचे ब्रेक तापून गेले. पाय पॅडलवर पण गाडी थांबेना, लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये. डोंगराच्या बाजूच्या मातीत ट्रक घुसवला म्हणून वाचले. क्लीनर सतरा वर्षांचा होता. तो कित्येक दिवस बोललाच नाही. "डिझेल किती वाचलं असेल? बाटलीभर," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. माझ्या गाडीत क्षणाक्षणाचं अॅव्हरेज दाखवणारी पट्टी आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलून उतरायला लागलो तर पट्टी शेवटच्या टोकाला जाऊन टेकली. आजच्या गाड्यांत इंजेक्टर असतात. गाडी गिअरमध्ये असून पाय उचललेला असला की चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि संगणक पेट्रोल देणं बंद करतो. थेंबभरही जात नाही. इंजिनाचा वेग अगदी खाली येतो तेव्हा ते पुन्हा सुरू होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल जळतच राहतं. कार्ब्युरेटरच्या काळात बाबांनी जे ऐकलं ते तेव्हा थोडंफार खरं असेल, आज ते पैशांच्या बाबतीतही खोटं आहे. काहीजण तर उतारावर किल्लीच बंद करतात. तसं केलं की दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा दाबा, वेग कमी करा, सोडा. खाली केरीला उतरून चहा प्यायला थांबलो तेव्हा मी चाकाजवळ हात नेऊन बघितलं. जेमतेम कोमट.

परिणाम सांगते. शिकण्याआधीचे दोन महिने आणि नंतरचे चार महिने मी वहीत नोंदी ठेवल्या. पंप तोच, टाकी पहिल्या कटपर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे आणि पुढच्या वेळी पडलेल्या लिटरने भागायचे. आधी १३.१, आता १६.२. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे कंपनीच्या जाहिरातीतला आकडा मला मिळणार नाही हे मान्य. पण माझे दोन्ही आकडे त्याच पेट्रोलवरचे आहेत. महिन्याला नऊशे किलोमीटर धरले तर तेरा लिटर वाचतात. लिटरला ९६ रुपयांच्या हिशोबाने साडेबाराशे रुपये. पाच महिन्यांत फी वसूल. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय गेली त्याचा हिशोब वेगळाच, तो काही वर्षांनी क्लचप्लेट बदलायच्या वेळी कळेल.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत त्या. मास्तर फक्त सकाळी सहा ते साडेआठ शिकवतात. नोकरीवाल्यांना ते सोयीचं, पण रात्रीचा धडा एकही नाही. समोरून हाय बीम मारत येणारी गाडी, पावसात न दिसणारी गुरं, हे सगळं रात्रीचं आहे. मी खूप मागे लागल्यावर एका संध्याकाळी अर्धा तास आले. हा धडा त्यांनी बारांत घालायलाच हवा. पार्किंगला एकच दिवस दिला, तोही घाईत. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी गाडी लावायची वेळ आली की मला ती उणीव जाणवते. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांना ते घेत नाहीत, हे आता बदलायला हवं. आणि एसीवरून आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही. त्यांचा आग्रह काचा उघडण्याचा. गावातल्या चाळीसच्या वेगात ते ठीक आहे. पण मोठ्या रस्त्यावर उघड्या काचांतून शिरणारी हवाच गाडीला मागे ओढते, आणि मे महिन्यात घामाने निथळणारी बाई लांबचं बघू शकत नाही. मी एसी लावते.

लेखी काहीच देत नाहीत, हीसुद्धा तक्रार. मी रोज घरी येऊन वहीत उतरवलं म्हणून एवढं लिहिता आलं. ती वही मी त्यांना टाइप करून देणार आहे.

कोणी जावं? ज्यांच्याकडे लायसन्स आहे पण हात बसलेला नाही अशा बायकांनी तर नक्की. पण माझ्या मते वीस वीस वर्षं चालवणाऱ्या पुरुषांनीसुद्धा. माझा भाऊ शेवटच्या दिवशी मागे बसून आला होता. उतारावर गिअरमध्ये पेट्रोल बंद होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो पंचवीस वर्षं न्यूट्रल करत आला आहे.

आई आता मागे बसली की आधी पट्टा ओढते आणि लागल्याचा आवाज आला की मला सांगते, "लागला गो." त्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे आणि दंड हजार रुपये आहे, हे मला मास्तरांनी सांगितलं, पण त्याची गरज राहिली नव्हती.

पावसाळ्यात त्यांच्याकडे जागा सहज मिळते, कारण लोकांना पाऊस संपल्यावर शिकायचं असतं. आदल्या संध्याकाळी फोन करून वेळ ठरवावी लागते. जाताना लायसन्स आणि गाडीचे कागद न्या, आणि सपाट तळव्याची, टाचेला पट्टा असलेली चप्पल घाला. माझ्या मुलाला मार्चमध्ये लायसन्स मिळालंय. त्याच्यासाठी मी ऑगस्टमधल्या बारा सकाळी आत्ताच सांगून ठेवल्या आहेत. चवथीच्या आधी संपतील, म्हणजे माटोळीचं, गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान आणायला आजीला बाजारात तोच घेऊन जाईल.